चंद्रवाल्यांनो, पहिल्याचं कौतुक पुरे, आता दुसऱ्या खेपेचं बोला

प्रति,
नासा, इस्रो, रशिया-चीन-युरोप-जपानच्या अंतराळ संस्था, आणि स्वतःचं रॉकेट बाळगून असलेली समस्त खासगी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

एवढ्या सगळ्यांना एकाच पत्रात गोळा केलंय कारण चंद्रावर माणूस उतरवायचं आता तुम्ही सगळेच कमीजास्त प्रमाणात बोलायला लागलाय. अमेरिका आर्टेमिस म्हणते, चीन २०३० च्या आत म्हणतो, भारतानं २०४० चं टार्गेट ठेवलंय, आणि खासगीवाल्यांचं तर काय, त्यांची तारीख दरवर्षी पुढच्या वर्षाची असते. छान आहे, आनंदच आहे. पण माझ्या पिढीची तुमच्याकडे एक जुनी उधारी आहे, आणि तुम्ही नव्यानं खातं उघडायच्या आधी तिची आठवण करून द्यावी म्हटलं.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा नील आर्मस्ट्राँग उतरला. अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती पण भारतात सोमवारची सकाळ उजाडली होती, त्यानं पाय ठेवला तेव्हा साडेआठला दोन-चार मिनिटं कमी असतील, आणि आम्ही रेडिओला कान लावून बसलो होतो कारण टीव्ही नावाची वस्तू आम्ही तोवर पाहिलेलीच नव्हती. रेडिओवर निम्मी खरखर, मधूनच कुणीतरी काहीतरी बोलायचं, मग पुन्हा खरखर, आणि मोठी माणसं एकमेकांना 'श्शू' करण्यात इतकी दंग की नेमकं काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही. तरी घरात सगळे उभे राहिले होते. का उभे राहिले माहीत नाही, कुणी सांगितलं नव्हतं.

फोटो नंतर पेपरात आले, काळपट, ठिपक्याठिपक्यांचे. ते मी कापून एका वहीत चिकटवत गेले. अपोलो ११ ला दोन पानं लागली, १२ ला एकच मिळालं, कारण अॅलन बीननं टीव्ही कॅमेरा चुकून सूर्याकडे फिरवला आणि तो जळला, त्यामुळे लोकांना बघायला काही उरलंच नाही. (हे तेव्हा अर्थातच माहीत नव्हतं, पेपरवाल्यांचा कंटाळा तेवढा दिसत होता.) १३ ला भरपूर कात्रणं, संकट होतं ना. मग १४, १५, १६, १७. आणि पुढच्या पानावर मी आधीच स्केचपेननं हेडिंग करून ठेवलं होतं, अपोलो १८, भोवती चौकट, कोपऱ्यात रॉकेट काढलेलं.

ते पान कोरंच राहिलं. आणि माझी खरी तक्रार इथून सुरू होते.

अपोलो १७ डिसेंबर १९७२ मध्ये परत आलं. त्यानंतर मी १९७३ भर वाट बघितली, ७४ मध्येही थोडी बघितली, घरच्यांना विचारलं तर 'येईल, येईल, अशा गोष्टींना वेळ लागतो' असं उत्तर. कुणीच सांगितलं नाही की ते शेवटचं होतं. मोठी झाल्यावर वाचलं तेव्हा कळलं की अपोलो २० जानेवारी १९७० मध्येच रद्द झालं होतं आणि आणखी दोन मोहिमा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कापल्या होत्या! म्हणजे अपोलो १४ उडायच्याही आधी तुमच्याकडे, निदान तुमच्यातल्या एकाकडे, दुकान बंद करायचं ठरलेलं होतं, आणि आम्ही पोरं पुढची दोन-अडीच वर्षं कात्रणं चिकटवत बसलो होतो. अमेरिकन पेपरांत छापून आलं असेल, नाही कोण म्हणतंय, पण नऊ-दहा वर्षांच्या पोरांपर्यंत जसं 'माणूस चंद्रावर' पोचवलंत तसं 'आता जाणार नाही' हे पोचवायची तसदी कुणी घेतली नाही. सुरू होताना लाऊडस्पीकर आणि बंद होताना कुजबुज.

बरं, रॉकेट नव्हतं म्हणून थांबले असं असतं तरी समजू शकले असते. रॉकेटं होती की! सॅटर्न ५ चे बनवून तयार असलेले भाग उरले, आणि ह्यूस्टनला जे आडवं ठेवलंय त्यात तर तीन वेगवेगळ्या रॉकेटांचे खरे, उडण्यासाठी बनवलेले टप्पे आहेत. एकशे दहा मीटर लांबीचं ते धूड कित्येक वर्षं उघड्यावर ऊन-पाऊस खात पडलं होतं, नंतर मग डागडुजी करून वर छप्पर घातलं. मी त्याचे फोटो बघते तेव्हा मला त्याच्या ताकदीबिकदीचं काही वाटत नाही, यात बसून कोण कोण गेलं असतं एवढंच डोक्यात येतं. फ्रेड हेझ बघा, अपोलो १३ मधून चंद्राला नुसता वळसा घालून जीव मुठीत धरून परत आला, मग १६ चा बॅकअप कमांडर झाला, नेहमीच्या पाळीनं १९ त्याच्याकडे आली असती, तर १९ च रद्द. जो एंगल तर १७ वर जायचा होता, पण पुढच्या मोहिमा कापल्यामुळे हॅरिसन श्मिट या भूगर्भशास्त्रज्ञाला त्याची जागा द्यावी लागली. निर्णय बरोबरच होता, चंद्रावर उतरलेल्या बाराजणांत एकुलता एक शास्त्रज्ञ तोच. पण एंगलच्या जागी स्वतःला ठेवून बघा जरा. अधुऱ्या स्वप्नांचं हे दुखणं आम्हा पोरांपुरतं नव्हतं, तुमच्या स्वतःच्या माणसांचीही स्वप्नं तुम्ही तशीच टांगून ठेवलीत.

थांबायची कारणं आता सगळ्यांना पाठ आहेत. शर्यत जिंकली होती, व्हिएतनामचा खर्च होता, १३ च्या अपघातानंतर भीती बसली होती, आणि अमेरिकेच्या केंद्रीय बजेटमधला नासाचा वाटा १९६६ मध्ये चार टक्क्यांच्या वर होता तो घसरत घसरत आता अर्ध्या टक्क्याच्याही खाली आलाय. सगळं मान्य. पण माझ्या मते मूळ दुखणं पैशाचं नाही, मूळ दुखणं 'पहिला' या प्रकाराचं आहे. तुम्हाला पहिलं होण्यातच रस असतो. पहिलं झालं, फोटो निघाला, भाषणं झाली की लगेच तुमचं लक्ष उडतं.

उदाहरणं मीच देते. अंतराळात जाणारी पहिली बाई, रशियाची व्हॅलेंटिना तेरेश्कोवा, १९६३ मध्ये गेली, जवळजवळ तीन दिवस वर राहिली, पृथ्वीला ४८ फेऱ्या मारल्या. मी लहानपणी 'मी अंतराळात जाणार' म्हटलं की हमखास कुणीतरी 'मुलींना घेत नाहीत' म्हणायचं आणि मी तेरेश्कोवाचं नाव तोंडावर फेकायचे, तेवढं एकच अस्त्र होतं माझ्याकडे. पण तिच्यानंतर दुसरी बाई कधी गेली माहितीये? १९८२ मध्ये. स्वेतलाना साविट्स्काया. मधली १९ वर्षं कोणीच नाही! म्हणजे 'मुलींना घेत नाहीत' म्हणणारे बरोबरच निघाले की, एकीला घेतलं ते रेकॉर्डसाठी.

अमेरिकेत तर तेरेश्कोवाच्याच सुमारास तेरा महिला वैमानिकांनी अंतराळवीरांना देतात तसल्या वैद्यकीय चाचण्या खासगीत पास करून दाखवल्या होत्या, पण नियम असा की जेट विमानांचा टेस्ट पायलट पाहिजे, आणि टेस्ट पायलट म्हणून बायकांना घेतच नव्हते, त्यामुळे प्रश्नच मिटला. त्यातली जेरी कॉब २०१९ मध्ये वारली, न जाताच. वॉली फंक मात्र २०२१ मध्ये गेली, वयाच्या ८२ व्या वर्षी, दहा-अकरा मिनिटांची उडी. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितलाय, बाहेर आल्यावर हात पसरून जी काय हसते ती बाई! आणि तरी मनात येतंच की साठ वर्षं थांबून अकरा मिनिटं.

भारताचंही तेच. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयुझ यानातून सॅल्यूट ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर गेला तेव्हा मी चांगली चोवीस वर्षांची घोडी होते, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा पुन्हा आशा पालवली होती. आता रांग लागणार, दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी जाणार असं वाटलं. पुढचा भारतीय नागरिक, शुभांशू शुक्ला, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोचला जून २०२५ मध्ये. एकेचाळीस वर्षांनी. शर्मा गेला त्या वर्षी जन्मलेली पोरं तोवर चाळिशी ओलांडून गेली. मधल्या काळात ज्यांना ज्यांना वाटलं असेल की आपण जाऊ, त्यांचं काय झालं याची नोंद कुठल्याच संस्थेच्या रिपोर्टमध्ये नसते.

आणि गंमत अशी की खरं काम नेहमी पहिल्यानंतरच होतं, हे तुमचेच आकडे सांगतात. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर बाहेर होते अडीच तास, आणि साडेएकवीस किलो दगडमाती घेऊन आले. अपोलो १७ वाले तीन दिवस राहिले, मिळून २२ तास बाहेर, गाडीनं पस्तीसेक किलोमीटर हिंडले, ११० किलो नमुने आणले, केशरी रंगाची माती सापडली म्हणून श्मिट लहान पोरासारखा ओरडायला लागला, गाडीचं मडगार्ड मोडलं तर नकाशे चिकटपट्टीनं जोडून नवं केलं. मला तर हे मडगार्ड पहिल्या पावलापेक्षा जास्त आवडतं. तिथे माणसं राहत होती, कामं करत होती, वस्तू मोडत होत्या आणि दुरुस्त होत होत्या. पण तोवर बघणारे उठून गेले होते. त्याच्याही आधी, तिसऱ्याच खेपेला, अपोलो १३ मधल्या तिघांनी अपघाताच्या थोडं आधी यानातून टीव्ही कार्यक्रम केला तो अमेरिकेतल्या मोठ्या चॅनलांनी दाखवलासुद्धा नाही, टाकी फुटल्यावर मात्र सगळे धावत आले.

यावर तुम्ही म्हणाल की बाई, लोकांनाच कंटाळा येतो, आम्ही काय करणार. असेलही. पण मग अंतराळ स्थानक बघा, नोव्हेंबर २००० पासून तिथे सतत कोणी ना कोणी राहतंय. एक दिवस रिकामं नाही. बातमी होत नाही, कोणी उभं राहत नाही, आणि मला वाटतं तुमच्या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण आज शाळेत जाणाऱ्या एकाही मुलानं असा दिवस पाहिलेला नाही की सगळी माणसं पृथ्वीवर आहेत. कंटाळवाणं होऊ द्या ना! एसटी रोज सुटते म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही, पण रोज सुटते म्हणूनच लोक तिच्या भरवशावर कामं ठरवतात.

आता तारखांबद्दल थोडं, कारण याचा मला खरंच राग आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये, अपोलो ११ परत येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, सॅटर्न ५ चा कर्ता वेर्नर फॉन ब्राउन यानं १९८२ मध्ये मंगळावर माणूस नेण्याचा प्लॅन मांडला होता. पॅन अॅम या अमेरिकन विमान कंपनीनं चंद्रावरच्या फ्लाइटसाठी वेटिंग लिस्ट काढली, ९३ हजारांवर लोकांनी नावं दिली, त्यांना नंबर टाकलेली कार्डं मिळाली. १९९१ मध्ये कंपनीच बुडाली. १९८९ मध्ये थोरले बुश म्हणाले चंद्रावर परत जाऊ आणि या वेळी राहायलाच जाऊ, २००४ मध्ये धाकटे बुश म्हणाले २०२० पर्यंत जाऊ, २०१० मध्ये तेही गुंडाळलं, २०१९ मध्ये जाहीर झालं २०२४. एका जपानी श्रीमंतानं २०१८ मध्ये घोषणा केली की कलाकारांना घेऊन चंद्राला चक्कर मारणार, नंतर माणसंही निवडली, २०२४ मध्ये रद्द. त्या निवडलेल्यांचं मला सगळ्यात वाईट वाटलं, त्यांना तर सांगून, फोटो काढून, स्वप्न हातात देऊन मग काढून घेतलं.

तुम्हाला वाटत असेल तारीख चुकली तर काय एवढं, इंजिनिअरिंग आहे, उशीर होतो. उशिराबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. इस्रोचा विक्रम लँडर २०१९ मध्ये चंद्रावर आपटला आणि चार वर्षांत, २३ ऑगस्ट २०२३ ला, दुसरा विक्रम व्यवस्थित उतरला, मी टीव्हीसमोर इतक्या जोरात ओरडले की घरातले घाबरले. पडणं चालतं हो. पडून लगेच परत उठून जाणं तर मुलांना बघायलाच पाहिजे. न चालणारी गोष्ट एकच, गाजावाजा करून तारीख द्यायची आणि रद्द करताना शुक्रवारी संध्याकाळी चार ओळींचं प्रेसनोट टाकायचं.

आणि याचा एक त्रास तुम्हालाच होतोय. 'माणूस चंद्रावर गेलाच नाही' म्हणणारी मंडळी ठाऊक आहेतच. झेंडा कसा फडकला, तारे का दिसत नाहीत, या सगळ्याला उत्तरं आहेत, चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर अजून लेझर मारतात आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातोय हे मोजतात, वरून काढलेल्या फोटोंत पायवाटा दिसतात, ३८२ किलो दगड जगभरच्या प्रयोगशाळांत तपासलेत. पण नात्यातल्या एका शाळकरी मुलीनं मला विचारलं, 'खरंच गेले होते तर मग नंतर परत कोणीच का नाही उतरलं?' आणि इथे माझी बोलती बंद झाली. बजेट, अमेरिकेची संसद, व्हिएतनाम... तिचा चेहरा बघूनच कळत होतं की पटत नाहीये. तिच्या डोक्यात साधा हिशोब, जे जमतं ते माणूस परत करतो. अफवा पसरवणाऱ्यांना सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्हीच बसून दिलाय, आणि तोही ज्या मोहिमेचं पुरावा म्हणून जपायचं फुटेज होतं त्याच्या मूळ टेप्स पुसून पुन्हा वापरून! अपोलो ११ च्या मूळ रेकॉर्डिंगच्या त्या टेप्स बहुधा पुसल्या गेल्या हे २००९ मध्ये नासानंच कबूल केलं. (टीव्हीवर प्रक्षेपण झालेली चित्रं आहेत, तेवढं नशीब.)

तर मागणं काय आहे. मला तिकीट नकोय. म्हणजे दिलंत तर नाही म्हणणार नाही, जॉन ग्लेन ७७ व्या वर्षी अंतराळात गेला होता, विल्यम शॅटनर नव्वदाव्या, त्या मानानं मी तरुणच आहे, गुडघे सोडले तर बाकी सगळं ठणठणीत, आणि तिथे गुडघ्यांवर वजन तरी सहाव्या हिश्शाचंच येणार. पण ते जाऊ दे.

मागणं असं की पुढच्या वेळी माणूस उतरवाल तेव्हा 'पहिली स्त्री', 'पहिला अमका देश', 'पहिला तमका' याच्या बरोबरीनं त्याच दिवशी दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेत कोण जाणार ते नावांसकट सांगा. रॉकेट कुठल्या शेडमध्ये उभं आहे ते दाखवा, पैसे मंजूर झालेत की नुसती आशा आहे तेही सांगा. पैसे नसतील तर नाहीत म्हणा, मुलांना कळतं, मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. आणि कधी थांबायची वेळ आलीच तर उतरताना जेवढे कॅमेरे लावता तेवढेच लावून, ज्याच्या हातात निर्णय होता त्याच माणसाला समोर बसवून, आम्ही थांबतोय आणि या या कारणासाठी थांबतोय हे सांगा. शाळांना कळवा. ज्या पोरांनी पुढच्या पानावर हेडिंग करून ठेवलेलं असेल त्यांना निदान खोडता तरी येईल.

दुसरं म्हणजे कंटाळवाणा भाग कापू नका. दोन मिनिटांचं संगीत लावलेलं रील नको, सहा-आठ तास कोणीतरी दगड गोळा करतंय, पिशवीची झिप अडकलीये, खाली कंट्रोल रूममध्ये कोणी जांभया देतंय, हे सगळं लाइव्ह चालू ठेवा आणि टेप्स, म्हणजे आता जे काय असेल ते, जपून ठेवा. बघणारे कमी असतील. जे असतील त्यांच्यातूनच तुम्हाला पुढची माणसं मिळणार आहेत.

लँडिंगच्या आधी मोठी पत्रकार परिषद होईल, तेव्हा कोणीतरी नक्की विचारेल की यानंतर काय. कृपा करून 'योग्य वेळी कळवू' म्हणू नका.

कळावे,
आपली,
चंद्राच्या बाबतीत अजून तशीच हट्टी असलेली एक बाई